रिफ्रेश मारून कोणाचं भलं झालंय?

उल्हासनगरचा कॅम्प चार असो, अंबरनाथ पूर्व असो की बदलापूरचे नवे टॉवर, कॉम्प्युटर अडला की हात आपोआप माउसच्या उजव्या बटणावर जातो. राइट क्लिक, रिफ्रेश. परत राइट क्लिक, परत रिफ्रेश. २००१ पासून गल्लोगल्ली एमएस-सीआयटीचे क्लास चालू आहेत आणि प्रत्येक बॅच हा मंत्र पाठ करूनच बाहेर पडलेली दिसते. प्रत्यक्षात रिफ्रेश एवढंच करतो की डेस्कटॉपवरच्या फायलींची यादी नव्याने वाचतो आणि आयकॉन पुन्हा मांडतो. रॅम रिकामी होत नाही, प्रोसेसरला हुशारी येत नाही. उलट आधीच दमलेल्या मशीनला एक जादा काम लागतं.

वॉलपेपर निर्दोष आहे

दुसरा आवडता संशयित म्हणजे वॉलपेपर. जरा हिशेब करू. १९२० × १०८० ठिपक्यांचा पडदा, दर ठिपक्याला चार बाइट, म्हणजे साधारण ८ एमबी. १९९५ साली आलेल्या विंडोज ९५ ला किमान ४ एमबी रॅम लागायची! आज तुमचा एकटा गणपतीबाप्पाचा फोटो त्याच्या दुप्पट जागा अडवतो. पण ४ जीबीच्या लॅपटॉपात ही जागा भरते जेमतेम पाचशेवा हिस्सा. बाप्पाला राहू द्या.

आणि काढलाच असता तर? विंडोज ७ मध्ये एक भन्नाट घोळ होता. वॉलपेपर काढून डेस्कटॉपला नुसता सपाट रंग दिला, तर लॉगिन होताना स्वागताचा पडदा ३० सेकंद हलायचाच नाही. कारण असं की ‘वॉलपेपर तयार आहे’ हा निरोप चित्र लावणाऱ्या कोडमधूनच जायचा. चित्रच नाही, तर निरोप कोण देणार? विंडोज बिचारी ३० सेकंद वाट बघून मगच पुढे सरकायची. मायक्रोसॉफ्टने नंतर दुरुस्ती काढली. तोवर वेग वाढवायला रंग लावणाऱ्यांनी किती चहा प्याला असेल, देव जाणे.

चारशे मिलिसेकंदांचा नखरा

विंडोजच्या रजिस्ट्रीत ‘मेन्यू शो डिले’ नावाची एक नोंद असते. तिची मूळ किंमत ४००. म्हणजे काही मेन्यूंवर बाण नेला की पोटमेन्यू उघडण्याआधी ४०० मिलिसेकंद मुद्दाम थांबवलं जातं, बाण चुकून फिरला तर भलतंच उघडू नये म्हणून. गंमत अशी की १९८२ मध्ये आयबीएमच्या वॉल्टर डोहर्टी आणि अरविंद थडानी यांनी उत्तर मिळायला लागणाऱ्या वेळाबद्दल जे मांडलं, त्यातून पुढे हाच ४०० चा आकडा प्रसिद्ध झाला: उत्तर याच्या आत आलं की माणसाची तंद्री मोडत नाही. मशीन संथ वाटणं आणि संथ असणं या दोन गोष्टी आहेत, आणि डेस्कटॉपच्या सेटिंग्ज बऱ्याचदा पहिलीवरच इलाज करतात. माझ्या मते तोही इलाजच.

एक टिक मात्र सोडू नका

स्टार्टच्या शोधपट्टीत ‘परफॉर्मन्स’ टाइप करा. ‘अ‍ॅडजस्ट द अपिअरन्स अँड परफॉर्मन्स ऑफ विंडोज’ ही ओळ येईल, ती उघडा. तिथे ‘अ‍ॅडजस्ट फॉर बेस्ट परफॉर्मन्स’ निवडलं की सगळ्या टिका एका झटक्यात उडतात. खिडक्यांचं सरकणं, मेन्यूंचं विरघळणं, सावल्या, सगळं बंद. जुन्या ग्राफिक्सवर फरक लगेच जाणवतो.

पण मराठी वाचणाऱ्याने इथे थांबायचं आणि ‘स्मूद एजेस ऑफ स्क्रीन फॉन्ट्स’ या ओळीवर टिक परत मारायची. इंग्रजी अक्षरं तिच्याशिवाय कशीबशी तरतात. देवनागरीचे रेफ, उकार आणि जोडाक्षरं मात्र दातेरी होऊन एकमेकांत घुसतात. ‘राष्ट्रीय’ वाचायला चष्मा पुसावा लागतो. वर्षानुवर्षं विंडोजवर मराठी दाखवणारा मंगल हा फॉन्ट र. कृ. जोशींनी घडवलेला. कवी, सुलेखनकार आणि आयआयटी मुंबईत पिढ्या घडवणारे शिक्षक. त्यांच्या वळणांची अशी करवत करून वाचणार काय, तर चिमूटभर मेमरी. नकोच.

न बोलावलेले पाहुणे

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. डेव्ह प्लमर या मायक्रोसॉफ्टच्या इंजिनिअरने तो मुळात घरी बसून लिहिला होता. त्यातल्या ‘स्टार्टअप’ भागात मशीन चालू होताच कोण कोण उठून बसतं त्याची यादी मिळते, शेजारी प्रत्येकाचा बोजा: हाय, मीडियम, लो. केव्हाच विकून टाकलेल्या प्रिंटरचं सॉफ्टवेअरही तिथे ठाण मांडून असतं. राइट क्लिक, डिसेबल. राइट क्लिकचा असाही उपयोग आहे, बरं का.

उंदीरमामा मदतीला

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय मशीनमध्येच लागते आणि इंटेलचे साधारण आठव्या पिढीपासूनचेच प्रोसेसर चालतात. कंपन्यांतून निवृत्त होऊन आपल्या बाजारात आलेले कितीतरी लॅपटॉप इथेच अडतात. त्यांच्यासाठी लिनक्स आहे, आणि तिथे अख्खा डेस्कटॉपच बदलता येतो. ऑलिव्हिए फूर्दां याने १९९६ मध्ये सुरू केलेला एक्सएफसीई घ्या, बोधचिन्ह उंदीर, खाणंही तेवढंच. त्याच्या ‘विंडो मॅनेजर ट्वीक्स’मध्ये खिडक्यांच्या सावल्या आणि पारदर्शकता सांभाळणारा ‘कंपोझिटर’ बंद केला की आणखी हलका. बदल्यात व्हिडिओ बघताना चित्र मधेच आडवं फाटल्यासारखं दिसू शकतं. मेट आणि एलएक्सक्यूटी हेही याच हलक्या पंक्तीतले. आपल्या सरकारी सी-डॅकचं बॉस लिनक्सही आहेच. शिकायचं कुठे? आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे धडे चक्क मराठी आवाजात आहेत, तेही फुकट.

कल्याणच्या पुढे

इतकं करूनही गाडी ढिम्म? मग दोष सजावटीचा नाहीच. कल्याणपर्यंत सुसाट आलेली फास्ट लोकल पुढे विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ असं प्रत्येक स्टेशन घेत बदलापूरला जाते. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कपाशी प्रोसेसरची हीच गत होते. मिनिटाला ५४०० फेऱ्या मारणाऱ्या डिस्कला नेमक्या जागी पोचायला सेकंदाच्या शंभराव्या भागाहून जास्त वेळ लागतो. एसएसडीला साधारण दहा हजारावा भाग पुरतो. म्हणून पैसे टाकायचेच असतील तर आधी तिथे टाका. बऱ्याच जुन्या लॅपटॉपांत डिस्क बदलायचं काम चार-सहा स्क्रूंचं असतं. कॅम्पातला कारागीर चहा निवायच्या आत उरकतो. निघालेली हार्ड डिस्क त्याच्याकडे सोडून येऊ नका. यूएसबीच्या केसिंगमध्ये घाला, लग्नाचे आणि बारशाचे फोटो ठेवायला ती अजून झकास चालते.