राखीव वाट

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या शाळेच्या संगणक-वर्गांत एका उत्साही विद्यार्थ्यानें लोंबणारी मोकळी तार उचलली व तिचीं दोन्ही टोकें एकाच स्विचमध्यें खोवून दिलीं. क्षणार्धांत वर्गांतील सारे संगणक मुके झाले! मी त्याच्यावर रागें भरलों. तो म्हणाला, “गुरुजी, एक तार तुटली तर दुसरी असावी, म्हणून लावली.”

मुलाचा विचार मुळांत चुकीचा नव्हता. वाड्यास पुढील दाराबरोबर परसदार असतेंच. मोठ्या कचेऱ्यांतहि दोन स्विचांमध्यें दोन तारा घालतात. पण घोटाळा येथेंच होतो. ‘सर्वांस कळवावें’ असा निरोप आला कीं स्विच तो, आला ती वाट सोडून, बाकी सर्व वाटांनीं पुढें धाडतो. दोन्ही तारा मोकळ्या असतील तर एकीनें गेलेला निरोप दुसरीनें परत येतो व पुन्हा निघतो. इथरनेटच्या निरोपास आयुर्मर्यादा नसते. म्हणून तो फिरतच राहतो, नव्यांची भर पडते, आणि खऱ्या कामास वाट उरत नाहीं.

१९८५ सालीं अमेरिकेंतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमधील रेडिया पर्लमन या विदुषीनें यावर तोड काढली. ती एकत्र कुटुंबास सहज उमजेल. सर्व पेट्या आपापला क्रमांक सांगतात. सर्वांत लहान क्रमांकाची ती कर्ती. प्रत्येकीनें कर्तीकडे जाणारी सर्वांत सोयीची वाट मोकळी ठेवावी व जिच्यामुळें फेरा पूर्ण होईल ती मिटावी. उरतो तो एक वृक्ष : मूळ एक, शाखा अनेक, फेरा कोठेंच नाहीं. मिटलेली वाट मात्र झोपत नाहीं. कर्तीची खुशाली दर दोन सेकंदांनीं येते; ती वीस सेकंद न आल्यास राखीव वाट उघडण्याची तयारी होते, व मूळच्या रीतीनें सुमारें पन्नास सेकंदांत व्यवहार पूर्ववत् होतो. २००१ च्या सुधारित रीतीनें हें काम कांहीं सेकंदांवर आलें. बाईंनीं आपल्या शास्त्रीय निबंधाच्या आरंभीं या वृक्षावर कविता घातली आहे. भास्कराचार्यांचें गणित श्लोकांत वाचलेल्या आम्हां जुन्या माणसांस याचें मोठें कौतुक वाटतें!

तथापि रीतीसहि मर्यादा असते. नोव्हेंबर २००२ मध्यें बोस्टनच्या बेथ इझ्रायल डीकनेस इस्पितळाचें जाळें कोसळलें. तें वर्षानुवर्षें जोडत जोडत या रीतीच्या आवांक्याबाहेर वाढलें होतें. कित्येक दिवस डॉक्टरांस कागदावर कारभार करावा लागला. रोग्यांचे तपासणी-अहवाल माणसांकरवीं हातोहात न्यावे लागले.

तात्पर्य, दुसरी वाट नुसती असून भागत नाहीं. ती केव्हां मिटावी, केव्हां उघडावी, हें ठरलेलें असावें. आणि अधूनमधून, काम नसेल अशा वेळीं, मुख्य तार मुद्दाम काढून राखीव वाट खरोखर उघडते कीं नाहीं हें पाहावें. परसदाराचें कुलूप वर्षानुवर्षें न उघडल्यास आगीच्या वेळीं किल्ली थोडीच सांपडते?

आमच्या वर्गांतील स्वस्त स्विचास ही रीति ठाऊक नव्हती. खरें सांगावयाचें तर त्या दिवशीं ती मलाहि ठाऊक नव्हती. ठाऊक असती, तर मुलावर रागें भरण्याऐवजीं त्याच प्रश्नावर पुढील तास घेतला असता.