डिझाइनच्या कामासाठी लॅपटॉप घेताना

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' पाक्षिक सुरू केले, ते छापील शब्दाचे बळ ओळखूनच. आज भीमजयंतीचे फलक, धम्मपरिषदेची पत्रके, मंगल परिणयाच्या पत्रिका आपल्याच वस्तीतील मुलेमुली संगणकावर तयार करतात, ही समाधानाची बाब आहे. पण या शिक्षणासाठी लॅपटॉप घ्यायचा म्हटले की आईची भिशी आणि वडिलांचा बोनस त्यात जातो. म्हणून दुकानाची पायरी चढण्यापूर्वी काही गोष्टी आईवडिलांनीही समजून घ्याव्यात, असे आम्हांस वाटते.

पहिली गोष्ट पडद्याची. दुकानदार त्याविषयी क्वचितच बोलतो. पण हे सारे काम रंगांचे आहे. पडदा 'आयपीएस' प्रकारचा असावा आणि 'एसआरजीबी'चे जवळजवळ १०० टक्के रंग दाखवणारा असावा. माहितीपत्रकात '४५ टक्के एनटीएससी' असे असेल तर तो घेऊ नये. त्यावर पंचरंगी धम्मध्वजाचे रंग फिके दिसतात. मूल ते गडद करते, आणि फलक भडक छापून येतो. पुन्हा छपाईचा भुर्दंड त्याच्याच माथी! पडदा प्रकाशाने रंग दाखवतो, छापखाना शाईने. म्हणून चांगल्या पडद्यावरचा निळासुद्धा कागदावर जांभळट येऊ शकतो. निळ्या रंगात मॅजेंटाचे प्रमाण सायनपेक्षा बरेच कमी ठेवावे व आधी नमुना काढून पाहावा.

दुसरी गोष्ट आतल्या ताकदीची. रॅम १६ जीबी असावी. ८ जीबीचाच परवडत असेल, तर पुढे वाढवता येईल का, हे विचारून घ्यावे. पुष्कळ पातळ लॅपटॉपमध्ये ती वाढवता येत नाही. साठवणीसाठी ५१२ जीबीची एसएसडी पुरते. प्रोसेसर अलीकडच्या पिढीचा आय-फाइव्ह किंवा रायझन-फाइव्ह चालेल. पत्रिका-फलकांसाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड लागत नाही; थ्रीडी वा व्हिडिओचे काम असेल तरच त्यावर पैसे घालावेत.

तिसरी गोष्ट, क्लासमध्ये कोणते सॉफ्टवेअर शिकवतात ते आधी विचारावे. फलकांच्या दुकानांत कोरलड्रॉ चालते; ते क्रोमबुकवर बसवता येत नाही. सुरुवातीच्या सरावाला इंकस्केप आणि गिम्प फुकट मिळतात. मराठीसाठी 'मुक्त', 'बलू' हे युनिकोड फॉन्टही मोफत आहेत.

पैसे कमी पडत असतील तर सावकाराच्या दारी जाऊ नये. काम घरी बसूनच करायचे असेल, तर तेवढ्याच पैशांत डेस्कटॉप अधिक ताकदीचा मिळतो. कार्यालयांतून निघालेला वापरलेला लॅपटॉपही चालेल. मात्र बॅटरी किती टिकते, बिजागरी घट्ट आहे का, पांढऱ्या पडद्यावर डाग दिसतात का, हे पाहून पक्के बिल घ्यावे.

आणखी एक. मुलासाठी नवा लॅपटॉप आणि मुलीने मात्र भावाचा रिकामा असेल तेव्हा वापरावा, असे आपल्या घरी होऊ नये. जो शिकतो, ज्याचा हात चालतो, त्याच्या हाती यंत्र असावे. मग तो मुलगा असो वा मुलगी.