बांधावरची करवंदी

बांध साफ करायचा म्हटला की पहिली कुऱ्हाड करवंदीवर पडते. मग तारेचा खर्च करायचा, अन् गुरं उसात शिरतातच!

कामठीसारख्या कडक उन्हाच्या मुलखात ही काटेरी जाळी एकदा रुजली की पाणी मागत नाही. फुलं पांढरी, सुवासिक. हिरवी फळं लोणच्याला, काळी पिकलेली खायला. फळात पेक्टिन असल्यामुळे जेली चांगली जमते. साखर तर आपलीच!

पिकल्या फळाचं बी ताजंच पेरावं, जुनं नीट उगवत नाही. रोपं पुढच्या पावसाळ्यात दोन-दोन फुटांवर लावावीत. सुरुवातीची वर्षं जपावं. बांधालगत पाचट पेटवू नये, जाळी होरपळते.

तेव्हा कुऱ्हाड उचलण्याआधी जरा थांबा.