मरणस्सती : ग्रंथातली आणि अंथरुणाशेजारची

धर्मानंद कोसंबी यांनी संपादित केलेला ‘विसुद्धिमग्ग’ माझ्या टेबलावर बरीच वर्षे होता. पाचव्या शतकात सिंहलद्वीपात बुद्धघोषाचार्यांनी रचलेला हा पाली ग्रंथ म्हणजे ध्यानमार्गाचा कोशच. धर्मानंदांची देवनागरी आवृत्ती १९४० साली मुंबईत निघाली. त्यांच्या हाताखालून गेलेली हार्वर्डची रोमन आवृत्ती आली १९५० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. मी हा ग्रंथ संदर्भापुरता उघडत असे. आठव्या परिच्छेदातला ‘मरणस्सती’चा भाग मात्र नीट वाचला तो वडिलांच्या शेवटच्या आजारात, रात्रीच्या जागरणांमध्ये.

‘सती’ म्हणजे स्मृती. पण इथे आठवण नव्हे, भान. मरणस्सती म्हणजे मरणाचे भान. ऐकायला सोपे, पण बुद्धघोष सुरुवातीलाच सावध करतात. प्रिय माणसाचे मरण मनात आणले तर शोक होतो, मूल गेलेल्या आईला व्हावा तसा. वैऱ्याचे आणले तर आनंद होतो. तिऱ्हाइताचे आणले तर काहीच वाटत नाही, प्रेते जाळणाऱ्याला प्रेत पाहून वाटत नाही तसे. आणि स्वतःचे आणले तर भीती. चारही ठिकाणी मरणाचा विचार आहे, भान कुठेच नाही. मग ते आणायचे कसे, याच्या आठ रीती ते देतात. त्यांतल्या एकीने मला फार दिवस धरून ठेवले : आयुष्य किती, व्याधी कोणती, वेळ कोणती, देह कुठे पडणार आणि पुढची गती काय, या पाच गोष्टींना कसलीही पूर्वखूण नसते. अंगुत्तरनिकायातल्या एका सुत्तात तर ‘आणखी एक दिवस जगलो तर’ असे म्हणणाऱ्या भिक्षूलाही बुद्ध गाफील ठरवतात. सावध कोण? एका घासापुरते किंवा एका श्वासापुरते आयुष्य धरून चालणारा.

हे सारे शब्दन् शब्द तपासणारे धर्मानंद स्वतः कसे गेले, हे सर्वश्रुत असले तरी इथे सांगायला हवे. आजाराने जर्जर झाल्यावर, आता आपले शरीर दुसऱ्याला केवळ भार आहे असे वाटून, त्यांनी अन्न सोडायचे ठरवले. पहिला प्रयत्न गांधीजींच्या आग्रहाखातर थांबवला. दुसरा थांबवला नाही. सेवाग्राम आश्रमात सुमारे महिनाभराच्या उपवासानंतर जून १९४७ मध्ये ते गेले, आणि गांधीजींनी दिल्लीच्या प्रार्थनासभेत त्यांचे स्मरण केले. या निर्णयाशी माझे मन पूर्ण जुळत नाही. ‘दुसऱ्याला भार’ हे कारण मला आजही टोचते, आणि बौद्ध परंपरेपेक्षा तो जैन सल्लेखनेला जवळचा आहे. पण मला त्यातले दुसरेच काही महत्त्वाचे वाटते. तिथे कुणी कुणापासून काही लपवत नव्हते. मरणाऱ्याला ठाऊक होते, भोवतालच्यांना ठाऊक होते, आणि त्यावर बोलणे होत होते.

आपल्या घरांत नेमके हेच होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य करून, उपचार कुठे थांबवायचे हे आधीच लिहून ठेवण्याची मुभा दिली. २०२३ मध्ये तिची रीत सोपीही केली. कागदाची सोय झाली. पण कागद करायचा तर आधी घरात विषय काढावा लागतो.

आम्ही तो काढला नाही. अण्णांना फुफ्फुसाचा कर्करोग होता आणि त्यांना सांगायचे नाही, असे आम्हा भावंडांचे ठरले होते. एका रात्री त्यांनी विचारले, “मला किती दिवस आहेत रे?” मी म्हणालो, “असं काय बोलता अण्णा? पावसाळा सरला की गावी जायचंय.” ते “हं” म्हणाले आणि भिंतीकडे वळले. नंतर विचारले नाही.

त्याच आठवड्यात मी नवव्या परिच्छेदापर्यंत आलो होतो. मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा या प्रत्येकीला बुद्धघोष दोन शत्रू सांगतात, एक दूरचा, एक जवळचा. करुणेचा दूरचा शत्रू क्रौर्य. तो लगेच ओळखू येतो. जवळचा शत्रू म्हणजे गृहस्थी शोक, आपल्या माणसात गुंतलेल्या मनाचे दुःख. तो करुणेसारखाच दिसतो आणि तिच्या जागी येऊन बसतो. मी पुस्तक मिटले. अण्णांना धक्का बसू नये म्हणून खोटे बोललो, असे मी स्वतःला सांगत होतो. खरे तर त्यांचे उत्तर ऐकण्याची हिंमत मला नव्हती.

दुसऱ्या दुपारी त्यांच्याजवळ बसलो. “अण्णा, तुम्ही त्या रात्री विचारलंत ना... डॉक्टर म्हणतात, फार दिवस नाहीत.” हे वाक्य बोलायला मला किती वेळ लागला, सांगता येत नाही. ते बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “तुझ्या काकाला बोलावून घे.”

वाटणीवरून दोघांचे अकरा वर्षे बोलणे नव्हते. काका तिसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने आले, चप्पल काढून थेट आतल्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लोटून घेतले. मी चहा टाकला. तो दोनदा गरम करावा लागला.