नऊ तारखेचा खाडा

सकाळी ७. क्वार्टरसमोरच्या रस्त्यावर धुळीचा पडदा. जानेवारी म्हणजे गळीत हंगाम ऐन भरात. दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर शहाजीनगरच्या नीरा-भीमा कारखान्याकडे निघालेत. बारामतीच्या शासकीय महाविद्यालयात साडेचार वर्षं काढून मी इंटर्नशिपला लागले, त्यातले १२ आठवडे पीएसएमचे (सामाजिक वैद्यकशास्त्राचे), म्हणजे गावातल्या आरोग्य केंद्रातले. डॉक्टरला असं तीन महिन्यांचं शिक्षण मिळावं, असं भोर समितीनं १९४६ सालीच सुचवलं होतं. नंतर सरकारी सेवेच्या बंधपत्राचं एक वर्ष आहेच. ते टाळलं तर १० लाख भरा. होस्टेलवर चर्चा त्या १० लाखांचीच जास्त, वर्षाची कमी.

८.३०. ओपीडी. खोकला, बीपी, साखर. कुत्रं चावलेला मुलगा तिसऱ्या दिवसाच्या डोससाठी आलाय. एका तोडणीवाल्याच्या नडगीला कोयता लागलाय; सहा टाके आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. "दोन दिवस पाण्यात पाय घालू नका," मी सांगते. तो हसतो. उसाला काल पाणी सोडलंय, हे मला ठाऊक नाही असं त्याला वाटत असावं.

१०. आज ९ तारीख. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायांची तपासणी होते, प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानातली. बाकडी भरलेली. वजन, बीपी, हिमोग्लोबिन, पोट तपासणं. जोखीम असेल तर कार्डावर लाल स्टिकर. सिस्टर पापणी ओढून बघतात आणि यंत्राच्या आधी आकडा सांगतात. बहुतेक वेळा अर्ध्या ग्रॅमच्या आत. आलेल्या सगळ्या गावातल्या. पहिलटकरणी माहेरी आलेल्या, त्यांची नावं सासरच्या रजिस्टरात. कोप्यांत राहणाऱ्या ऊसतोड टोळ्यांमधली एकही नाही.

"आशाताई, कोप्यांवरच्या बायका?"

"येत नाहीत मॅडम. खाडा पडतो."

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दोघांच्या नावावर घेतलेली. बाई एक दिवस बसली की खाडा, म्हणजे दंड, आणि तो हिशेबाला उचलीत वाढतो. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या तोडणीकामगार बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाळीचे दिवस, दुखणं, बाळंतपण या सगळ्यांचा हिशेब खाड्यातच होतो, हे तेव्हा शहरातल्या वर्तमानपत्रांना कळलं. आमची तपासणी फुकट आहे असं आम्ही भिंतीवर रंगवलंय. तोडणीवाल्या बाईच्या लेखी ती फुकट नाही.

दुपारी २. नोंदी. त्याबद्दल न बोललेलं बरं.

४.३०. नरसिंहपूरच्या वाटेवरच्या कोप्या. तोडणी पहाटेच सुरू होते, त्यामुळे बाया भेटायच्या तर याच वेळी. हे मला आशाताईंनी शिकवलं, पुस्तकात कुठे नाही. रक्तदाबाचं यंत्र पाण्याच्या पिंपावर मांडून तिघींना तपासलं. एकीला सातवा महिना, हिमोग्लोबिन ६.८. कार्ड गावाकडे राहिलेलं, बीड जिल्ह्यात. सातच्या खाली म्हणजे गोळ्यांवर भागवायचं नाही, रुग्णालयात दाखल करायचं.

"कुठं जायचं बाई?" तिची सासू विचारते.

प्रश्न सोपा वाटतो, तो इथं सोपा नाही. नरसिंहपूर म्हणजे पुणे जिल्ह्याचं टोक. नीरा इथं भीमेला मिळते. नीरेपलीकडे माळशिरस तालुका, भीमेपलीकडे माढा, दोन्ही सोलापूर जिल्ह्यातले. लक्ष्मी-नृसिंहाच्या देवळात तिन्हीकडची माणसं येतात, देवाला तालुका लागत नाही. पेशंटचे पाय अकलूज-टेंभुर्णीकडे वळतात, आमचे कागद इंदापूर-पुण्याकडे. मी फोनवर केंद्राच्या डॉक्टरांना विचारते. ते म्हणतात, "गाडी कुठली मिळते आणि सोबत कोण राहतं, ते आधी विचार. मग गावाचं नाव घे." सोबत नणंद राहील. नवरा मुकादमाशी बोलून येतो. इंदापूर ठरतं, उद्या सकाळी १०२ च्या रुग्णवाहिकेनं. आशाताई मुकादमाला बाजूला घेऊन काय बोलल्या, ते मला ऐकू आलं नाही. पण मुकादम परतला तेव्हा खाड्याचा विषय त्यानं काढला नाही.

रात्री ८.४०. पाचट गोळा करताना साप चावलेला माणूस, पस्तिशीचा. पाऊल सुजलेलं, हिरड्यांतून रक्त. वर्णन घोणशीचं. नातेवाईक गाडी चालू ठेवूनच बोलतात, "डॉक्टर, अकलूजला नेतो, जवळ हाय."

"न्या, पण औषध इथून सुरू करून."

कोरड्या काचेच्या नळीत रक्त घ्यायचं आणि वीस मिनिटं नळी हलवायची नाही. मी घड्याळाकडे बघत बसते, सिस्टर सलाईन लावतात. ९.०५ ला नळी तिरकी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं. गोठलेलं नाही. सलाईनमधून प्रतिविषाच्या १० कुप्या, ॲड्रेनलिन भरून हाताशी. पहिली दहा मिनिटं डॉक्टर पेशंटच्या अंगावर पुरळ शोधतात, मी श्वास मोजते.

१०.१५. १०८ ची रुग्णवाहिका दारात. मूत्रपिंडाचं काय होईल सांगता येत नाही, तेव्हा डायलिसिसची सोय असेल तिथंच पाठवायचं. चिठ्ठी मी लिहिते: चावल्याची वेळ, नळीची वेळ, कुप्या किती, लघवी झाली का आणि कोणत्या रंगाची. "उच्च केंद्राकडे पाठवले" एवढ्यावर भागत नाही. पुढचा डॉक्टर याच ओळींवरून पुढच्या कुप्या ठरवणार.

गाडी गेल्यावर डॉक्टर हात धुतात आणि कपाट उघडतात.

"दहा गेल्या. मागणीपत्र आत्ताच लिही, उद्या १०२ इंदापूरला जाणारच आहे."