स्कॅनिंग सॉफ्टवेअरची मर्यादा: टाकी की मीटर?

'तंत्रज्ञान आणि आपण' या आपल्या नेहमीच्या गप्पांमध्ये आज एक रुक्ष वाटणारा, पण पैशांशी थेट संबंध असलेला विषय घेऊ. मस्कत, सोहार, दुक्म, सलालाह, कुठेही जा. बांधकाम, इमारतींची देखभाल आणि घरे भाड्याने देण्याच्या व्यवसायात आपली मराठी मंडळी भेटतात. तुम्ही त्यांपैकी असाल, तर इमारतीचे थ्रीडी स्कॅनिंग तुमच्या कामात आले असेल किंवा लवकरच येईल.

कॅमेरा किंवा लेझर स्कॅनर खोलीत तिपाईवर ठेवायचा, त्याने चहूबाजूंची मापे घ्यायची आणि इंटरनेटवरच्या सॉफ्टवेअरने त्यातून हिंडता येईल असे मॉडेल बनवायचे, एवढे ते काम. स्कॅनर एकदा विकत घेतला की झाले. सॉफ्टवेअर मात्र वर्गणीवर मिळते, आणि प्रत्येक वर्गणीला मर्यादा असते. ती कशाची असते हे न बघता सही केली, तर ऐन हस्तांतराच्या आठवड्यात 'तुमची मर्यादा संपली' असा संदेश येतो. म्हणून आजचा प्रश्न: या मर्यादा नेमके काय मोजतात आणि आपला वापर आपण कसा मोजायचा?

बहुतेक मर्यादा दोन प्रकारांत बसतात. घराच्या गच्चीवरची पाण्याची टाकी आठवा. ती भरते, पण पाणी सोडले की पुन्हा जागा होते. आता विजेचा मीटर आठवा. तो पुढेच जातो, मागे येत नाही. सॉफ्टवेअरच्या काही मर्यादा टाकीसारख्या असतात, काही मीटरसारख्या. हा फरक कळला की अर्धे काम झाले.

आधी टाकीचा प्रकार. मॅटरपोर्ट हे या क्षेत्रातले प्रसिद्ध नाव. त्यांच्या योजना मुख्यतः 'ॲक्टिव्ह स्पेस' मोजतात, म्हणजे एका वेळी किती मॉडेल चालू आहेत ते. जुने मॉडेल संग्रहात टाकले, म्हणजे 'अर्काइव्ह' केले, की ते मोजणीतून जाते. पण त्याची लिंकही लोकांना उघडत नाही. भाडेकरूला, मालकाला किंवा सल्लागाराला पाठवलेली लिंक त्या क्षणी निकामी होते. जागा मोकळी होते, ती या किमतीला.

एक हिशेब करू. समजा तुमची कंपनी मस्कतमध्ये फ्लॅट भाड्याने देते. दर महिन्याला ८ नवे फ्लॅट स्कॅन होतात आणि एक फ्लॅट सरासरी ३ महिन्यांत जातो. तो गेला की मॉडेल संग्रहात. म्हणजे एका वेळी चालू मॉडेल किती? ८ गुणिले ३, म्हणजे २४. एमबीएच्या वर्गात 'लिटलचा नियम' म्हणून शिकवतात तो हाच: आत असलेली संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले आत राहण्याचा काळ. २५ मॉडेलची योजना पुरेशी वाटते. पण उन्हाळा येतो, शाळा बंद होतात, कुटुंबे भारतात जातात आणि फ्लॅट जायला ५ महिने लागू लागतात. आता ८ गुणिले ५, म्हणजे ४०. एकही जास्तीचे स्कॅन न करता तुम्ही मर्यादेच्या दीडपटीहूनही पुढे गेलात. टाकीच्या प्रकारात नळ किती जोरात चालू आहे यापेक्षा पाणी किती वेळ पडून राहते हे जास्त महत्त्वाचे असते.

साठवणुकीची मर्यादाही टाकीच. लेझर स्कॅनर एका जागेवरून काही सेकंदांत कोट्यवधी बिंदू टिपतो. १ कोटी बिंदू आणि एका बिंदूला २० बाइट धरले, तर एका जागेचे २०० एमबी. चार मजली इमारतीत अशा १५० जागा घेतल्या, तर ३० जीबी झाले. मूळ फाइल, जुळवलेली फाइल आणि ग्राहकाला द्यायची फाइल अशा तीन प्रती ठेवल्या की ९० जीबी. कचरापेटीतल्या फाइली मोजल्या जातात का, हेही विचारून घ्या.

आता मीटरचा प्रकार. काही सॉफ्टवेअर प्रक्रिया केलेले क्षेत्रफळ मोजतात. इथे दोन खाचखळगे आहेत. पहिला, एककाचा. ओमानमधले नकाशे चौरस मीटरमध्ये असतात, अमेरिकी कंपनीची योजना बहुधा चौरस फुटांत असते. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट. ५,००० चौरस मीटरचा मजला तिकडे सुमारे ५३,८०० चौरस फूट होतो. दुसरा खळगा मोठा आहे: तोच मजला पुन्हा स्कॅन केला तर तो पुन्हा मोजायचा का? बांधकामाची प्रगती दाखवायला तो मजला दर आठवड्याला असा ४० आठवडे स्कॅन केला, तर एका पद्धतीने वापर ५,००० चौरस मीटर आणि दुसऱ्या पद्धतीने २ लाख. करारात हे एक वाक्य असते. तेच आधी शोधा.

टोकन हाही मीटरच. ऑटोडेस्कच्या फ्लेक्स पद्धतीत डेस्कटॉप सॉफ्टवेअर उघडले की प्रत्येक माणसामागे २४ तासांचे टोकन कापले जातात. पाच मिनिटे उघडा नाहीतर दिवसभर, आकार तोच. त्यामुळे चार जणांनी 'जरा फाइल बघतो' म्हणून उघडणे महाग, आणि एकाने बसून दिवसभर काम करणे स्वस्त.

मीटरच्या बाबतीत तारखेकडेही लक्ष हवे. महिना कुठल्या घड्याळाने संपतो? कॅलिफोर्नियातली मध्यरात्र म्हणजे त्यांच्या उन्हाळी वेळेनुसार मस्कतमधले सकाळचे ११. १ तारखेला सकाळी ९ वाजता नव्या महिन्याचा कोटा समजून अपलोड केलेले काम मागच्या महिन्यात जाऊ शकते. शिवाय आपल्याकडे सुट्टी शुक्रवार-शनिवार आणि त्यांच्याकडे शनिवार-रविवार. रविवारी सकाळी साइटवर मर्यादा अडली, तर तिकडे फोन उचलायला कोणी नसते.

मग मोजायचे कसे? महागडे साधन लागत नाही. दर रविवारी सकाळी एका शीटमध्ये पाच आकडे लिहा: चालू मॉडेल, व्यापलेली साठवण, आठवड्यात अपलोड केलेले क्षेत्रफळ, खर्च झालेले टोकन आणि प्रत्यक्ष लॉगिन केलेली माणसे. तीन महिन्यांत १३ नोंदी होतात. आता नियम सोपा आहे. टाकीच्या आकड्यांत सगळ्यात मोठी नोंद बघा, कारण सरासरी २० असली तरी ज्या दिवशी २६ वे मॉडेल चढवायचे आहे त्याच दिवशी काम अडते. मीटरच्या आकड्यांत बेरीज बघा आणि ती वर्षावर पसरवा. लॉगिनचा आकडा वेगळ्याच कामाचा: १० जणांचे पैसे भरून ६ जणच वापरत असतील, तर ते रिन्यूअलच्या आधी कळलेले बरे.

रिन्यूअलच्या खर्चाचे दोन स्थानिक मुद्दे. ओमानी रियाल डॉलरशी बांधलेला आहे आणि त्याचा दर १९८६ पासून तोच आहे, १ रियाल म्हणजे सुमारे २.६० डॉलर. त्यामुळे डॉलरमधले बिल विनिमय दराने हलत नाही, युरोतले हलते. आणि १६ एप्रिल २०२१ पासून इथे ५ टक्के व्हॅट आहे. परदेशी कंपनीच्या बिलावर तो छापलेला नसला, तरी व्हॅटसाठी नोंदणी असलेल्या कंपनीला तो रिव्हर्स चार्ज पद्धतीने स्वतःच्या विवरणपत्रात दाखवावा लागतो. हे तुमच्या अकाउंटंटच्या कानावर घाला.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ओमानच्या २०१३ च्या नागरी व्यवहार कायद्यानुसार इमारतीच्या मजबुतीला धोका पोहोचवणाऱ्या दोषांसाठी कंत्राटदार आणि अभियंता यांची जबाबदारी दहा वर्षे राहते. स्लॅब ओतण्यापूर्वी सळया कशा होत्या, भिंत बंद करण्यापूर्वी पाइप कुठून गेला, याचा तुमचा पुरावा त्या स्कॅनमध्ये आहे. जबाबदारी दहा वर्षांची आणि वर्गणी बारा महिन्यांची. प्रकल्प संपला, बजेट बंद झाले, कोणी वर्गणी थांबवली की पुरावाही दिसेनासा होतो. कंपन्यांचे मालकही बदलतात. मॅटरपोर्ट २०२५ मध्ये कोस्टार समूहाकडे गेली. दहा वर्षे योजना आजच्यासारखीच राहील असे गृहीत धरणे धोक्याचे.

उपाय असा: हस्तांतराच्या दिवशीच मॉडेलचे बिंदू ई-५७ या खुल्या प्रकारच्या फाइलमध्ये उतरवून घ्या. ती बऱ्याच वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडते. दोन हार्ड डिस्क, दोन वेगळ्या जागा. काही योजनांत या उतरवण्याचे वेगळे पैसे पडतात. ते प्रकल्पाच्या दरपत्रकातच धरा, नंतर कोणी मंजूर करत नाही.

तेव्हा सही करण्यापूर्वी विक्रेत्याला पाच प्रश्न लेखी विचारा. मर्यादा टाकी आहे की मीटर? तीच जागा पुन्हा स्कॅन केली तर पुन्हा मोजता का? मर्यादा ओलांडली की काम थांबते की जादा बिल येते? संग्रहातले मॉडेल परत चालू करायला काय लागते? आणि वर्गणी संपल्यावर माझा डेटा किती दिवस ठेवता, कुठल्या स्वरूपात देता? उत्तरे ईमेलवर घ्या, तोंडी नकोत.

पुढच्या रविवारी शीट उघडा आणि पहिली ओळ भरा. पुन्हा भेटू पुढच्या भागात. नमस्कार.