साक्षीदार सापडला पतसंस्थेत

बँकेच्या काउंटरवरून "प्रोबेट आणा" असं सांगितलं, की माणूस तडक आम्हा वकिलांच्या टेबलाशी येतो. बँकेचं नाव नको. चिंचवडच्या एका निवृत्त फिटरची मुदत ठेव होती. मृत्युपत्र बायकोच्या नावाने, तेही नोंदणीकृत. मावशींनी तो शब्द चिठ्ठीवर लिहून आणला होता, 'प्रोपेट' असा. "हे कुठल्या ऑफिसात मिळतं?"

प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला. भारतीय उत्तराधिकार कायदा 1925 चा. त्याची कलमं 57 आणि 213 एकत्र वाचली, की हिंदू, बौद्ध, शीख, जैन माणसाच्या मृत्युपत्राला प्रोबेटची सक्ती होती ती मुंबई आणि मद्रास हायकोर्टांच्या मूळ हद्दीत आणि जुन्या बंगालच्या इलाख्यात. पिंपरी-चिंचवडला ती कधीच नव्हती. मी पुस्तक घेऊन मॅनेजरांकडे गेलो. त्यांनी शांतपणे वाचलं आणि म्हणाले, "कायदा ठीक आहे हो, पण आमच्या सर्क्युलरमध्ये आहे." शेवटी हमीपत्रावर काम भागलं.

खरी गंमत मुंबईत मालमत्ता असलेल्यांची. एका गृहस्थांचा संभाजीनगरात फ्लॅट आणि परळला एक ब्लॉक. मृत्युपत्र एकच, चार ओळींचं. फ्लॅटला प्रोबेट लागत नव्हतं, ब्लॉकसाठी हायकोर्टाची पायरी चढावी लागली. 2025 च्या डिसेंबरात संसदेने कलम 213 च काढून टाकलं, म्हणून आता मुंबईकरांचीही सक्तीतून सुटका झाली. मागायचं असेल तर प्रोबेट आजही मागता येतं, आणि घरात भांडणाचा वास येत असेल तर मी स्वतःच मागायला सांगतो. घाई मात्र चालत नाही. मृत्यूनंतर सात दिवस उलटल्याशिवाय ते देता येत नाही. तेराव्याआधीच चौकशीला आलेले वारस मी पाहिलेत, म्हणून हे सांगितलं.

पण प्रोबेटने सिद्ध काय होतं? भोसरीत फायनल इन्स्पेक्शनला असलेल्या एका पक्षकाराला मी अर्धा तास समजावत होतो. तो म्हणाला, "म्हणजे पार्ट ड्रॉइंगप्रमाणे आहे, एवढंच. ड्रॉइंग बरोबर की चूक, ते आमच्याकडे येत नाही." यापेक्षा नेमकं मला आजवर सांगता आलेलं नाही. कागद मयताचाच आहे, शुद्धीत आणि स्वखुशीने केलेला आहे, इतकंच कोर्ट ठरवतं. जमीन त्याची होती का, हा वेगळा दावा. चाकणकडे हे फार नडतं. निघोजे, कुरुळी, महाळुंग्याला एमआयडीसी आली, जमिनीला भाव आला, आणि वडिलोपार्जित अख्खं रान एकाच मुलाला लिहून देणारी मृत्युपत्रं निघू लागली. बापाला फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो. 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलीही जन्माने हिस्सेदार आहेत. बहिणीची हरकत आली की फेरफार तक्रारीत जातो आणि सातबारा आहे तिथेच राहतो.

मृत्युपत्राचा सगळा जीव दोन साक्षीदारांत असतो. त्यांतला किमान एक, हयात असेल तर, कोर्टात उभा करावा लागतो. नोंदणी केली म्हणून ही अट सुटत नाही. आमच्या पट्ट्यात घोडं पेंड खातं ते इथेच. इथे साक्षीला शेजारच्या मशीनवरचा माणूस घेतात, आणि तो माणूस कंपनी बदलतो, व्हीआरएस घेतो, गावी जातो.

एका कामगाराचं नव्वदच्या दशकातलं मृत्युपत्र माझ्याकडे आलं. भावाने हरकत घेतलेली. एक साक्षीदार वारला होता, दुसऱ्याचा ठावठिकाणा नाही. पत्त्यावर पाठवलेलं समन्स 'सदर इसम राहत नाही' असा शेरा घेऊन परत आलं. अशा वेळी कायदा एक खिडकी उघडी ठेवतो. निदान एका साक्षीदाराचं हस्ताक्षर ओळखणारा आणा, आणि मयताची सही त्याचीच असल्याचं दाखवा. मयताची सही पीएफच्या फॉर्मवर मिळाली. साक्षीदाराची कुठून आणायची? मयताच्या मुलालाच सुचलं, "काका आमच्या कर्जाला जामीन होते ना."

कंपनीच्या कामगार पतसंस्थेचं लोखंडी कपाट उघडलं. धुळीने माखलेला जामीनकीचा फॉर्म निघाला. सहीच्या शेवटी दोन टिंबं, अगदी मृत्युपत्रावर होती तशी. संस्थेचे जुने सचिव पिंजऱ्यात उभे राहिले. उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी विचारलं, "इतक्या वर्षांनी सही कशी लक्षात राहिली?"

"साहेब, हप्ते थकले होते. सगळ्यात जास्त नोटिसा मी यांनाच पाठवल्या. प्रत्येकीच्या पोचेवर हीच सही."

न्यायाधीशांनाही हसू आवरेना. मृत्युपत्र शाबीत झालं.

साक्षीदारांवरचा हा भरवसा इंग्रजांनी आणलेला नाही. याज्ञवल्क्याने पुरावे सांगितले ते लेख, भोगवटा आणि साक्षीदार. त्याच स्मृतीवर विज्ञानेश्वराने मिताक्षरा लिहिली, आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलाचा हक्क जन्मापासून हे तिचंच म्हणणं. शिवकाळात गोतसभेच्या महजरावर, म्हणजे निवाडापत्रावर, साक्षी घातल्या जात आणि पाटील आपली नांगराची निशाणी करी. आकुर्डीतल्या एका मुस्लिम सुपरवायझरने मला दाखवून दिलं, की कुराणातल्या सूरह माइदामध्येही वसियतीच्या वेळी दोन न्यायी साक्षीदार सांगितले आहेत. त्यांच्याकडे वसियत तोंडीही चालते, मात्र वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापलीकडे देता येत नाही. पिंपरीतल्या एका ख्रिस्ती आजोबांनी इब्री लोकांस पत्राचा नववा अध्याय काढला होता. मृत्युपत्र लिहिणारा मेल्यावरच ते लागू होतं, असं त्यात आहे. आजोबांना त्याचा उपयोग वेगळाच होता. त्यांचा मुलगा 'आत्ताच ताबा द्या' म्हणत होता.

आता मी साक्षीदार निवडून घेतो. वयाने लहान हवेत, गावचा पत्ता आणि दोन फोन नंबर हवेत. परवा कुरुळीकडचे एक बाबा आले, सोबत भजनी मंडळातले दोन जोडीदार, दोघंही बाबांपेक्षा थोरले. मी म्हटलं, "बाबा, हे तुमच्याआधी गेले तर?"

बाबा म्हणाले, "मग आधी यांचं लिवा. साक्षीला मी हायेच की."